साप सांभाळून झाले, आता पहिला लिझर्ड कोणता घेऊ?

प्रश्न: नमस्कार ताई, तुमचं सदर नेहमी वाचतो. माझ्याकडे बरीच वर्षं साप आहेत, सध्या दोन कॉर्न स्नेक, एक किंगस्नेक आणि एक बॉल पायथन, सगळे नीट खातात, कात व्यवस्थित टाकतात, त्यामुळे तापमान, थर्मोस्टॅट वगैरे भानगडी मला नवीन नाहीत. आता एखादा लिझर्ड घ्यावा असं डोक्यात आलंय. बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको आणि क्रेस्टेड गेको अशी यादी केलीय, पण एक मित्र म्हणतो तू एवढे साप सांभाळलेस तर सरळ सवाना मॉनिटर (आपल्या घोरपडीचा आफ्रिकन भाऊबंद) घे, बाकीचे नवशिक्यांसाठी असतात. मी सकाळी लवकर बाहेर पडतो, रात्री उशिरा घरी येतो, मधूनमधून तीन-चार दिवस बाहेरगावी पण जावं लागतं. हातात घेता येईल आणि थोडाफार प्रतिसाद देईल असा प्राणी हवाय. काय सुचवाल? – एक सापवाला

उत्तर: दादा, आधी मित्राचं म्हणणं निकालात काढू. सवाना मॉनिटर लहान असताना तळहातावर मावतो, गोड दिसतो आणि तसाच खपतो, पण मोठा झाला की तीन-साडेतीन फूट, त्याला ८ बाय ४ फुटांची जागा लागते, खाली उकरायला २ फूट तरी माती लागते आणि अंग शेकायच्या दगडाचं तापमान ५५-६० अंश सेल्सिअस. सापवाल्यांची फसगत होते ती खाण्यावरून. घरात फ्रीजर भरून उंदीर असतातच, मॉनिटर ते हावरटासारखे खातो, आपल्याला वाटतं काय मस्त चाललंय, आणि दोन-तीन वर्षांत लिव्हरवर चरबी चढून प्राणी हातचा जातो, कारण पश्चिम आफ्रिकेत हा मुख्यतः किडे, पैसा (वाणी) किडे, गोगलगायी असलं खाऊन जगतो. तेव्हा मॉनिटर पहिला लिझर्ड म्हणून नको, तुमचा सापांचा अनुभव कितीही असला तरी.

अनुभव वाया जातो असं मी म्हणत नाहीये हां. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावायचा नाही, एक बाजू गरम एक बाजू थंड, लपायला जागा, नवीन प्राणी आधी दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, हे सगळं तुमच्या अंगवळणी पडलंय आणि नवशिक्याला तेच शिकवताना आमची दमछाक होते. गडबड होते ती सापांनी लावलेल्या सवयींनी. साप आठवड्याच्या हिशोबाने जगतो, शनिवारी उंदीर दिला, पाणी बदललं, घाण काढली, झालं. लिझर्डचा हिशोब दिवसाचा असतो. त्यामुळे कुठला दिसायला भारी हे जरा बाजूला ठेवा आणि दमून घरी आल्यावर रोज न चुकता तुमच्याकडून काय होणार आहे ते स्वतःशी खरं खरं ठरवा, निवड त्यावरूनच करायची.

आता कॅल्शियमचं बघा, कारण सापवाला इथेच सगळ्यात जास्त गाफील असतो. सापाने उंदीर अख्खा गिळला की हाडं, लिव्हर, सगळं एकदम पोटात जातं, कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्व त्यातच मिळून जातं, तुम्हाला कधी डबी उघडावी लागली नाही. किड्याला हाडंच नसतात. रातकिडा घ्या, मीलवर्म घ्या, नाहीतर डुबिया झुरळ घ्या, सगळ्यांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा बराच जास्त आणि लिझर्डला पाहिजे नेमकं उलटं, कॅल्शियम साधारण दुप्पट. म्हणून किड्यांना कॅल्शियम पावडर लावून द्यायची आणि आतड्यातून ते शोषलं जावं म्हणून डी-३ पाहिजे, आणि दिवसा उन्हात फिरणारे लिझर्ड ते कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांपासून बनवतात, म्हणजे बल्ब आला. हा बल्ब काचेच्या पलीकडून लावला तर उपयोग शून्य, काच यूव्हीबी अडवते, बारीक जाळीसुद्धा बराच भाग खाते, आणि गंमत म्हणजे वर्षभराने बल्ब डोळ्याला तसाच लख्ख दिसतो पण यूव्हीबी मात्र उतरलेलं असतं, त्यामुळे बल्बच्या बुडाशी मार्करने तारीख लिहून ठेवायची आणि साधारण १२ महिन्यांनी बदलायचा, नाहीतर मीटर घेऊन मोजायचं.

हे चुकलं की हाडं मऊ पडतात. सुरुवातीला काहीच कळत नाही, प्राणी फक्त जरा सुस्त वाटतो, मग चालताना पोट जमिनीवरून उचलत नाही, बोटं मधूनच थरथरतात, आणि खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर रबरासारखा लवतो. तिथपर्यंत आलं की थेट डॉक्टर, घरगुती उपाय नाही. आणि मणका किंवा पाय एकदा वाकडा झाला की तो सरळ होत नाही.

दुसरी गोष्ट किडे. लिझर्ड घेणं म्हणजे बऱ्याचदा दोन पाळीव प्राणी घेणं, एक लिझर्ड आणि एक डबाभर किडे. फ्रीजरमधला उंदीर सहा महिने गप पडून राहतो पण रातकिड्यांना खायला लागतं, पाणी लागतं, ते मरतात, वास मारतात, रात्रभर किर्र करतात आणि एक तरी कपाटामागे पळतोच. डुबिया झुरळं त्यामानाने शांत, गुळगुळीत काच चढत नाहीत, वास कमी, फक्त घरच्यांना "मी झुरळं पाळतोय" हे सांगायचं धैर्य पाहिजे. किडे लिझर्डला द्यायच्या आधी एक-दोन दिवस त्यांना चांगला पाला, गाजर वगैरे खाऊ घालायचं, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. आणि न खाल्लेले रातकिडे रात्री आत सोडायचे नाहीत, झोपलेल्या लिझर्डला कुरतडतात, पापण्या आणि बोटं आधी.

उपासाचं पण वेगळं आहे. बॉल पायथनने दोन महिने तोंड फिरवलं तरी तुम्ही वजन बघता आणि गप बसता, बरोबरच आहे. ती थंड डोक्याची सवय पिल्लू बिअर्डेड ड्रॅगनला लावू नका, त्याने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर काहीतरी बिनसलंय, आधी तापमान तपासा. मोठा लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो म्हणून त्याला जरा सवलत, पण शेपटी बारीक होत चालली असेल तर शेणाची तपासणी करूनच घ्या.

आता तुमची यादी.

बिअर्डेड ड्रॅगन प्रतिसादाच्या बाबतीत एक नंबर. काचेजवळ येऊन तुमच्याकडे बघतो, हात हलवतो, चिडला की दाढी काळी करतो, हातावर शांत बसतो. पण हा ऑस्ट्रेलियाच्या उन्हातला प्राणी, त्याला शेकायला ४०-४२ अंशाची जागा, लांब यूव्हीबी ट्यूब, मोठ्याला किमान ४ बाय २ फुटांची जागा, पिल्लूपणी दिवसातून दोन-तीनदा किडे आणि मोठेपणी रोज पालेभाजी चिरून. मुख्य म्हणजे तो दिवसा जागा असतो आणि तुम्ही दिवसा घरी नसता. टायमर लावून त्याची सकाळ दुपारी बारा वाजता सुरू करणारे लोक आहेत, पण खिडकीतून उजेड येत असेल तर बिचाऱ्याला कळत नाही नक्की कधी उठायचं, मला हा जुगाड आवडत नाही. तुम्ही घरी येणार तेव्हा तो झोपलेला. रोज झोपलेला प्राणी बघायचा असेल तर बॉल पायथन आहेच की तुमच्याकडे.

क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनियाचा, नामशेष झाला असंच धरून चालले होते आणि १९९४ मध्ये पुन्हा सापडला, आज घराघरात आहे. तयार पावडर पाण्यात कालवून दिली की मुख्य जेवण झालं, किडे अधूनमधून दिले तर उत्तम, रात्री जागा असतो, उंच टाकी चालते. अडचण उष्णतेची. त्याला २२ ते २६ अंश पाहिजे आणि २८ च्या वर गेलं की त्रास सुरू होतो, म्हणजे तुमच्या सापांच्या उबदार खोलीत तो नको. खोली कडक उन्हाळ्यातही थंड राहत असेल तरच विचार करा. शिवाय हा उड्या मारतो, हातातून खांद्यावर, खांद्यावरून पडद्यावर, आणि शेपटी टाकली तर परत येत नाही. बिनशेपटीचा मजेत जगतो तो, वाईट फक्त मालकाला वाटतं.

लेपर्ड गेको. सगळे हाच सुचवतात आणि उगाच नाही सुचवत. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ भागातला, ८-१० इंचांचा, नीट ठेवला तर १५-२० वर्षं जगणारा, संध्याकाळी उठणारा. ३ फूट बाय दीड फूट जागा, गरम बाजूला ३२-३४ अंशाचा पृष्ठभाग, एक लपायची जागा गरमात, एक थंडात आणि एक ओलसर. मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा खायला, तीन-चार दिवस पाणी भरून ठेवून गेलात तरी चालतं. रात्री उशिरा घरी आलात की हा नुकताच बाहेर पडलेला असतो, चिमट्यात किडा धरा, तो थांबतो, मान खाली घालतो, शेपटीचं टोक थरथरायला लागतं आणि मग झडप. तेवढ्यासाठी लोक हा प्राणी ठेवतात असं माझं मत आहे.

फक्त एक सवय बदला. सापाची कात सलग निघते, तुम्ही ती उलगडून डोळ्यांवरचे टोप आणि शेपटीचं टोक आलंय का ते बघता. गेको कात खाऊन टाकतो, पुरावाच राहत नाही. त्यामुळे कात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी प्राण्याची बोटं बघायची, वीसच्या वीस. एखाद्या बोटावर पांढुरकं कडं राहिलं असेल तर ते वाळून आवळत जातं, रक्त बंद होतं आणि बोट गळतं. कोमट पाणी नखभर उंचीचं, दहा-पंधरा मिनिटं त्यात उभा करायचा, मग ओल्या कापसाच्या काडीने टोकाकडे हळू सरकवायचं, ओढायचं नाही. ओलसर घर नीट ओलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

आणि आता तुमच्या यादीत नसलेला, पण तुमचं पत्र वाचताना माझ्या डोक्यात पहिला आलेला प्राणी, ब्लू-टंग स्किंक, म्हणजे निळ्या जिभेची मोठी सापसुरळी. सापवाल्यांना हा का आवडतो ते हातात घेतल्यावर कळतं, जड, गुळगुळीत, लांबुळकं अंग, पाय नावापुरते, बोटांच्या मधून सापासारखाच सरकतो, उड्या नाहीत, भिंत चढणं नाही. दीड ते दोन फूट लांब, १५-२० वर्षं आयुष्य, अंडी न घालता थेट पिल्लं देतो. घाबरला की तोंड उघडून निळी जीभ बाहेर, आणि जिभेचा मागचा भाग अतिनील प्रकाश जास्त परावर्तित करतो असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे जिवंत किड्यांवर त्याचं पोट अवलंबून नाही. चांगल्या प्रतीचं कुत्र्याचं ओलं खाद्य, उकडलेलं अंडं, गोगलगाय, त्यात जवळपास निम्मा पाला आणि भोपळा, फळ अगदी थोडं, वर कॅल्शियम, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा. फ्रीजरमधला उंदीर कधीतरी चवीपुरता, रोज नाही, हा पण लठ्ठ होतो. जागा ४ बाय २ फूट, उंचीपेक्षा जमीन महत्त्वाची, खाली उकरायला भुसा किंवा माती चार-सहा इंच, एका टोकाला ४० अंशाच्या आसपास शेकायची जागा आणि यूव्हीबी. हो, हा पण दिवसाचाच, पण बिअर्डेडसारखा दिवा बंद झाला की बेशुद्ध पडत नाही, संध्याकाळी खाण्याचा आवाज आला की भुशातून डोकं काढतो.

खोड एकच, नीट चौकशी करून घ्यावा लागतो. इंडोनेशियाकडून येणारे बरेच रानातून पकडलेले असतात, पोटात जंत घेऊन आणि माणसाला घाबरून. कैदेत जन्मलेलाच घ्या, आईबाप दाखवा म्हणा, आणि तुमच्या भागात कुठली जात पाळायला परवानगी आहे, कागदपत्रं काय लागतात ते पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही. आणि इंडोनेशियन जातींना ओलावा जास्त लागतो, उत्तर ऑस्ट्रेलियन जातीला कमी, तेव्हा विकणारा "ब्लू-टंग आहे" एवढंच सांगत असेल तर पुढे विचारा, कुठला?

तर क्रम असा: जागा असेल तर स्किंक, नसेल तर लेपर्ड गेको. बिअर्डेड तुमचं कामाचं वेळापत्रक बदलेल तेव्हा.

प्रश्न: माझ्याकडे सापांची रॅक आहे, त्यातला एक टब रिकामा आहे. लेपर्ड गेको त्यात ठेवला तर चालेल का? चिमटा, पाण्याची भांडी वगैरे पण आहेतच.

उत्तर: टबमध्ये गेको जगतो, पैदास करणारे ठेवतातही, पण त्यात उजेड नाही, फिरायला जागा नाही आणि तुम्हाला तो दिसणार पण नाही, मग घ्यायचा कशाला? "रात्रीचा प्राणी, त्याला यूव्हीबी नको" हे जुनं झालं, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो बिळाच्या तोंडाशी येतो, मंद यूव्हीबी ट्यूब दिली तर फायदाच. आणि चिमटा, भांडी एकत्र अजिबात नको. सापांवरच्या गोचिड्या लिझर्डवर पण चढतात. त्याहून वाईट क्रिप्टो, म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम हा पचनसंस्थेतला सूक्ष्म परजीवी, सापातला वेगळा आणि लिझर्डमधला वेगळा प्रकार असला तरी साध्या ब्लीचने दोन्ही मरत नाहीत आणि गेकोला झाला तर शेपटी काडीसारखी होऊन प्राणी झिजत जातो. दोन चिमटे, दोन रंगांची टेप, आधी जुने प्राणी आवरायचे, क्वारंटाइनवाला सगळ्यात शेवटी, हात साबणाने धुवून.

प्रश्न: मला साप इतके आवडतात की बिनपायाचा लिझर्डच घ्यावा वाटतोय. शेल्टोपुसिक कसा आहे? साप सांभाळता येतो म्हणजे तो सोपाच ना?

उत्तर: दिसायला साप, वागायला अजिबात नाही. आग्नेय युरोपपासून मध्य आशियापर्यंत सापडतो, चार फुटांपर्यंत वाढतो, पापण्या मिटतो, कानाचं भोक असतं आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक खाच जाते. ती खाच का, तर कातडीखाली हाडांच्या तकट्या असतात, अंग ताठ, श्वास घेताना आणि पोट भरल्यावर फुगायला तेवढीच जागा. म्हणून हातात घेतलात की तो कॉर्न स्नेकसारखा मनगटाला विळखा घालून बसत नाही, ताठ राहून गिरक्या घेतो आणि वर घाण करतो. जबडा गोगलगायी फोडायचा, तेव्हा बोट सांभाळा. खायला किडे, गोगलगायी, अंडं. बघायला अप्रतिम प्राणी, हाताळायला कंटाळवाणा, आणि पन्नास वर्षांपर्यंत जगू शकतो, म्हणजे तुमच्यानंतर कोणाकडे जाणार तेही ठरवावं लागेल. पहिला म्हणून मी नाही म्हणेन.

प्रश्न: लेपर्ड गेकोचे एवढे मॉर्फ (रंग-नक्षीचे वाण) आहेत, एनिग्मा आणि लेमन फ्रॉस्ट फार आवडलेत. घेऊ का?

उत्तर: तुम्ही सापवाले ना, मग स्पायडर मॉर्फच्या बॉल पायथनची मान कशी डुगडुगते ते माहीत असेल. एनिग्माचं तेच दुखणं, गोल गोल फिरणं, मान वाकडी, किड्यावर झडप घालताना नेम चुकणं. लेमन फ्रॉस्टमध्ये तर बहुतेक प्राण्यांना पुढे कातडीत गाठी येतात, २०२१ मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासात त्याचा संबंध स्पिंट-१ या जनुकाशी जोडलाय. दोन्ही नकोत. साधा पिवळा ठिपक्यांचा घ्या, अंगावर मांस असलेला, शेपूट जाड, डोळे स्वच्छ, बोटं पूर्ण.

प्रश्न: नवीन लिझर्ड आणल्यावर हातात कधी घ्यायचा? सापाला तर मी दोन-तीन वेळा जेवल्यावर घेतो.

उत्तर: तोच नियम ठेवा, चांगला आहे. फक्त वरून पकडायचं नाही, वरून येणारा हात म्हणजे शिकारी पक्षी. हात खाली सपाट ठेवायचा, त्याला चढू द्यायचं, जमिनीपासून वीतभरच उंचीवर, आणि पहिले काही दिवस पाच मिनिटांच्या वर नाही. शेपटीला हात लावायचा नाही, निसटत असला तरी नाही, निसटू द्या आणि भांडं पुढे धरा. गेको शेपटी उंच करून हळू हळू डोलवायला लागला तर तो नको म्हणतोय, परत ठेवा आणि दोन दिवसांनी बघा.